चौतीस ओळींचे दफ्तर : लिअँडर पेसचे अंतिम सामने आणि जोडीतले दुसरे नाव

१/
‘लिअँडर पेसच्या नावावर १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आहेत.’ स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी पाठ केले असेल. वाक्य खरे आहे. पण त्याच्या मागे जी मूळ नोंद आहे ती ३४ ओळींची आहे: ग्रँड स्लॅम स्पर्धांतले ३४ अंतिम सामने, त्यांपैकी १८ जिंकलेले आणि १६ गमावलेले. या ३४ पैकी एकाही ओळीत पेसचे नाव एकटे येत नाही. आजचा धागा ही यादी इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावी, याविषयी आहे.

२/
साधन हा शब्द आम्हा खानदेशकरांना परका नाही. नरडाण्याहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की धुळे लागते, आणि धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा दफ्तरसंग्रह जपणारे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली. बखरीतल्या रसाळ कथेपेक्षा समकालीन कागदाला अधिक मान द्यावा, हा त्यांचा आग्रह. क्रीडेचा इतिहासही याच कसोटीवर घासता येतो. लोकांच्या आठवणीतला पेस ही बखर आहे. निकालांची यादी हे दफ्तर आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहू.

३/
आधी खेळाची भूमिती. टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट, तर दुहेरीत दोन्ही कडांच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या धरून ३६ फूट. म्हणजे मैदान एक तृतीयांशाने रुंदावते आणि माणसे मात्र दुप्पट होतात. प्रत्येकाच्या वाट्याची जमीन घटते, जाळ्याजवळची चकमक वाढते, आणि एकेरीत कधीच न उद्भवणारा एक प्रश्न समोर येतो: दोघांच्या मधून जाणारा चेंडू कोणी घ्यायचा? दोघेही धावले तर रॅकेटला रॅकेट आपटते. दोघेही थांबले तर गुण जातो. दुहेरीतले निम्मे कौशल्य या मधल्या चेंडूच्या उत्तरात असते.

४/
आता नायक. पेसचा जन्म १७ जून १९७३ रोजी कोलकात्यात झाला, परंतु त्याचे पितृकुळ गोव्याचे. वडील डॉ. वेस पेस हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. आई जेनिफर भारताकडून बास्केटबॉल खेळल्या. दोन्ही खेळ सांघिक. घरात चेंडू आपल्याकडे ठेवण्याइतकेच तो दुसऱ्याकडे देण्याचे शिक्षण असणार, असा मोह होतो. पण तो तर्क आहे, पुरावा नव्हे. पुरावा एवढाच की १९९० साली विम्बल्डनचे कुमार विजेतेपद त्याने मिळवले आणि तेव्हापासून देश त्याला एकेरीचा खेळाडू म्हणून पाहू लागला.

५/
या अपेक्षेचा कळस १९९६ साली अटलांटात झाला. एकेरीच्या उपान्त्य फेरीत आंद्रे अगासीकडून हरल्यावर कांस्यपदकाच्या लढतीत पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीला पहिला सेट गमावूनही नमवले. स्वतंत्र भारताचे त्याआधीचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणाचे होते? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांचे, १९५२, हेलसिंकी. दोन पदकांमध्ये ४४ वर्षांचे अंतर. म्हणून पेसची पहिली मोठी प्रतिमा एकट्याने लढणाऱ्या वीराची बनली. पुढची वीस वर्षे तो जोडीने खेळला, तरी आपल्या मनातले चित्र तेच राहिले.

६/
वास्तविक अटलांटाच्या दोन वर्षे आधीच एक जोडी सुवर्ण मिळवून आली होती. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पेस आणि गौरव नाटेकर यांनी जिंकले. गौरव हे थोर बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे चिरंजीव. नंदू मूळचे सांगलीचे. १९५६ साली परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ साली पहिल्या अर्जुन पुरस्कारांच्या मानकऱ्यांपैकी एक. त्यांनीही तरुणपणी टेनिसचे रॅकेट हाती धरले होते. वडिलांनी सोडलेल्या खेळात मुलाने आशियाई सुवर्ण मिळवले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत असायला हवी होती. आज किती जणांना ती आठवते? जोडीतल्या दुसऱ्या नावाचे काय होते, याचे हे पहिले उदाहरण.

७/
त्यानंतर आला महेश भूपती. १९९७ साली फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी त्याने जपानच्या रिका हिराकीसह जिंकली. ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय तो, पेस नव्हे. त्याच वर्षी पेस-भूपती जोडीने चेन्नईत एटीपी मालिकेतले आपले पहिले विजेतेपद मिळवले. १९९८ मध्ये ही जोडी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धांत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचून थांबली. पेस जाळ्यालगत विजेसारखा. भूपती मागच्या रेषेवरून भेदक परतफटके मारणारा. एकाने फट पाडायची आणि दुसऱ्याने त्यात शिरायचे, अशी कामाची वाटणी होती. वृत्तपत्रांनी त्यांना ‘इंडियन एक्सप्रेस’ म्हणायला सुरुवात केली.

८/
१९९९ हे वर्ष दफ्तरातले सर्वांत दाट पान आहे. पेस-भूपती त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होते. टेनिस व्यावसायिकांना खुले झाल्यापासून कोणत्याही जोडीला हे साधले नव्हते.
• ऑस्ट्रेलियन: ब्योर्कमन-राफ्टर यांच्याकडून पाच सेटमध्ये पराभव.
• फ्रेंच: इव्हानिसेविच-टारँगो यांच्यावर ६-२, ७-५ असा विजय.
• विम्बल्डन: हारहाउस-पामर यांच्यावर चार सेटमध्ये विजय.
• अमेरिकन: लारो-ओब्रायन यांच्याकडून पराभव.
जून महिन्यात पेस दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिला झाला. विम्बल्डनमध्ये त्याने लिसा रेमंडसह मिश्र दुहेरीही जिंकली, तर अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी भूपतीने जपानच्या आय सुगियामासह जिंकली.

९/
दोन जिंकले, दोन हरले. पाठ्यपुस्तकात फक्त जिंकलेले दोन येतात. पण पाच सेट खेळून गमावलेला मेलबर्नचा सामनाही त्याच जोडीच्या त्याच वर्षाच्या श्रमाचा भाग आहे. २००१ साली दोघांनी पुन्हा फ्रेंच ओपन जिंकली. पाला आणि विझनर या झेक जोडीवर. त्यानंतर यादीत या दोन नावांची एकत्र ओळ थेट २०११ साली दिसते, आणि ती पराभवाची आहे. सहा अंतिम सामने, तीन विजय. भारतातल्या सर्वांत गाजलेल्या जोडीचा ग्रँड स्लॅम हिशेब एवढाच. मधली दहा वर्षे दोघे वेगवेगळ्या जोडीदारांसह खेळत होते.

१०/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. एकाच साधनावर विसंबून निष्कर्ष काढू नये. ग्रँड स्लॅमची यादी सांगते की २००१ नंतर जोडी फुटली. डेव्हिस चषकाची नोंद मात्र वेगळे सांगते: १९९७ ते २०१० या काळात पेस-भूपती यांनी देशासाठी सलग २४ दुहेरी सामने जिंकले. २००२ च्या बुसान आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांचे सुवर्णही दोघांनी मिळून आणले. व्यावसायिक मालिकेत विभक्त, राष्ट्रीय संघात अजिंक्य, आणि तेही एकाच कालखंडात. एकमेकांशी बोलणे खुंटलेली माणसेही मधला चेंडू कोणाचा हे विसरत नाहीत, असे या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर दिसते.

११/
आता पुरुष दुहेरीचे १६ अंतिम सामने जोडीदारांनुसार मांडू.
• महेश भूपती: ६ सामने, ३ विजय
• डेव्हिड रिकल: १ सामना, पराभव
• मार्टिन डॅम: २ सामने, १ विजय
• लुकास ड्लौही: ४ सामने, २ विजय
• राडेक स्टेपानेक: ३ सामने, २ विजय
एकूण १६ पैकी ८. म्हणजे पुरुष दुहेरीत पेस अंतिम फेरीत जितक्या वेळा जिंकला, तितक्याच वेळा हरला. ‘अंतिम सामन्यात कधी न डगमगणारा’ ही बखरीतली ओळ. दफ्तर म्हणते, निम्म्या वेळा दुसऱ्या जोडीने चषक उचलला.

१२/
याच यादीत एक गोष्ट लपलेली आहे. भूपती वगळता उरलेले चारही जोडीदार झेक आहेत. आणि मिश्र दुहेरीतल्या त्याच्या दोन सर्वांत नामवंत सहकारी? मार्टिना नवरातिलोवा प्रागची; मार्टिना हिंगिसचा जन्म कोशित्से शहरातला. दोन्ही शहरे त्या त्या वेळी चेकोस्लोव्हाकियात होती. हिशेब केला तर ३४ पैकी १८ अंतिम सामने पेसने चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या जोडीदाराबरोबर खेळले, आणि १८ पैकी ११ विजेतेपदे त्यांच्याबरोबर मिळवली. भारतीय टेनिसची ही यशोगाथा अर्ध्याहून अधिक मध्य युरोपातल्या एका नाहीशा झालेल्या देशाचीही आहे.

१३/
म्हणून ‘झेक शैली पेसला मानवते’ असा सिद्धान्त लगेच मांडू नये. नवरातिलोवाने १९७५ साली, अठराव्या वर्षी, देश सोडून अमेरिकेत आश्रय घेतला. हिंगिस बालपणीच स्वित्झर्लंडला गेली आणि आईच्या हाताखाली शिकली. रिकल, डॅम, ड्लौही आणि स्टेपानेक हे चौघे देश दुभंगल्यानंतर झेक प्रजासत्ताकाकडून खेळले. जन्मभूमी एक, वाटा निरनिराळ्या. सहसंबंध आणि कारण यांतला फरक ओळखणे ही आपल्या विषयातली पहिली शिस्त आहे. यादी निश्चितपणे एवढे सांगते की लहान लोकसंख्येच्या त्या भूमीने दुहेरीचे अव्वल खेळाडू सातत्याने घडवले, आणि कोलकात्याच्या या खेळाडूने त्यांच्याशी जुळवून घेतले.

१४/
जुळवून घेणे किती अवघड, हे खानदेशात पोळ्याला बैलजोडी सजवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. जोडीतला एक बैल गेला की दुसऱ्याला नव्या सोबत्याबरोबर जू सवयीचे व्हायला वेळ जातो. कोण पुढे ओढतो, कोण मागे रेंगाळतो, वळणावर कोणी थांबायचे, सगळे नव्याने ठरते. पेसने हे पुरुष दुहेरीत पाच जणांबरोबर आणि मिश्र दुहेरीत सहा जणींबरोबर अंतिम फेरीपर्यंत नेऊन दाखवले. एकूण ११ जोडीदार. त्याच्या कर्तृत्वाचे खरे माप १८ या आकड्याइतकेच या ११ मध्येही आहे.

१५/
मिश्र दुहेरीचा ताळेबंद असा:
• लिसा रेमंड: २ सामने, १ विजय
• मार्टिना नवरातिलोवा: ४ सामने, २ विजय
• मेगन शॉनेसी: १ सामना, पराभव
• कारा ब्लॅक: ५ सामने, ३ विजय
• एलेना वेस्निना: २ सामने, दोन्ही पराभव
• मार्टिना हिंगिस: ४ सामने, ४ विजय
एकूण १८ पैकी १०. हिंगिसबरोबरची ओळ निष्कलंक आहे: २०१५ साली ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन, २०१६ साली फ्रेंच. त्यांतला विम्बल्डनचा अंतिम सामना ६-१, ६-१ असा एकतर्फी, तर अमेरिकन आणि फ्रेंचचे निकाल निर्णायक टायब्रेकमध्ये, अनुक्रमे १०-७ आणि १०-८ असे.

१६/
नवरातिलोवाबरोबरच्या ओळी दुसऱ्या बाजूने वाचा. २००३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला ती ४६ वर्षांची होती. एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत चारही ग्रँड स्लॅम जिंकण्याच्या तिच्या संग्रहात नेमके हे एकच विजेतेपद उणे होते. पेसच्या साथीने तो संग्रह पूर्ण झाला. त्याच वर्षी विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकून तिने बिली जीन किंगच्या २० विम्बल्डन विजेतेपदांची बरोबरी साधली. तिच्या चरित्रात हे दोन सामने शिखराचे आहेत, आणि तिथे पेस हा ‘जोडीतला दुसरा’ आहे! आपण कोणत्या देशात बसून वाचतो, त्यावर दुसरे नाव कोणाचे हे ठरते.

१७/
त्या विम्बल्डननंतर काही आठवड्यांतच पेस गंभीर आजारी पडला. मेंदूत गाठ असल्याची शंका आली. तपासाअंती तो परजीवी संसर्ग निघाला आणि उपचारांनी बरा झाला. २००४ च्या जानेवारीत तो नवरातिलोवासह पुन्हा मेलबर्नच्या अंतिम फेरीत होता. तो सामना ते हरले. विजेत्यांची नावे कोरणाऱ्या फलकावर त्या सामन्यात पेसचे नाव नाही. पण मृत्यूच्या भीतीतून बाहेर आलेल्या माणसाने सहा महिन्यांत अंतिम फेरी गाठली, ही घटना एखाद्या विजेतेपदाहून लहान आहे काय? अशा वेळी उपविजेत्यांची नोंद वाचल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

१८/
प्रतिस्पर्ध्यांचा रकानाही बोलका आहे. अमेरिकेचे जुळे बंधू बॉब आणि माइक ब्रायन यांच्याशी पेसचे पुरुष दुहेरीचे पाच अंतिम सामने झाले: २००६, २००८, २०११ आणि २०१२ मध्ये दोन. चार हरले, एक जिंकला. जन्मापासून एकत्र असलेल्या जोडीविरुद्ध तो दर वेळी जवळजवळ नवा सोबती घेऊन उभा राहिला: डॅम, ड्लौही, भूपती, स्टेपानेक. जिंकलेला सामना २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा. ब्रायन बंधू तेव्हा विक्रमी बाराव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होते. पेस-स्टेपानेक यांनी त्यांना अडवले. त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कला ब्रायन बंधूंनी ते बारावे मिळवले, आणि हरलेली जोडी पुन्हा पेस-स्टेपानेकच होती.

१९/
आणि २००९ चा अमेरिकन ओपन. जाळ्याच्या एका बाजूला पेस आणि ड्लौही; दुसऱ्या बाजूला मार्क नोल्स आणि महेश भूपती. दहा वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर चारही अंतिम फेऱ्या गाठल्या, तोच समोर. पेसची जोडी ३-६, ६-३, ६-२ अशी जिंकली. योगायोग असा की त्याच वर्षीच्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामनाही पेस-ड्लौही यांनी नेमक्या याच गुणफलकाने जिंकला होता. दोन्ही वेळा पहिला सेट गमावून. एकाच वर्षात दोनदा असे सावरणे हे त्या जोडीच्या परस्परविश्वासाचे लक्षण मानायला हरकत नाही.

२०/
मैदानांनुसार वाचले तर आणखी एक समज ढासळतो. जाळ्याजवळचा खेळाडू म्हणजे गवताचा राजा, असे आपण गृहीत धरतो. पण पुरुष दुहेरीत पेसने विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली ती फक्त एकदा, १९९९ साली. उलट पॅरिसच्या मंद लाल मातीवर चारदा अंतिम फेरी आणि तीनदा विजय. विम्बल्डनचे त्याचे नाते प्रामुख्याने मिश्र दुहेरीचे: सहा अंतिम सामने, चार विजय. सर्वाधिक अंतिम सामने, दोन्ही प्रकार मिळून १२, न्यूयॉर्कला. त्यांतले ७ गमावलेले. या साऱ्यांतून त्याने पुरुष आणि मिश्र अशा दोन्ही प्रकारांत चारही स्पर्धा किमान एकदा जिंकल्या.

२१/
दफ्तर काय सांगत नाही, हेही नोंदवायला हवे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पेस-भूपती कांस्यपदकाची लढत क्रोएशियाच्या आंचिच-ल्युबिचिच यांच्याकडून हरले. शेवटचा सेट १६-१४. ग्रँड स्लॅमच्या यादीत त्या सेटला जागा नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी भूपती आणि रोहन बोपण्णा यांनी पेसबरोबर खेळण्यास नकार दिला आणि जोडी कोणाची, हा प्रश्न देशभर चघळला गेला. अखेर पेस विष्णू वर्धनसह उतरला. पुरुष दुहेरीतल्या दोन्ही भारतीय जोड्या पदकाविना परतल्या. दुहेरीत माणसे जुळली नाहीत तर कौशल्य किती अपुरे पडते, याचा हा कटू दाखला.

२२/
महाराष्ट्राच्या भूमीवरचा एक प्रसंग. फेब्रुवारी २०१७, पुण्याचे बालेवाडी क्रीडा संकुल, डेव्हिस चषकात भारत विरुद्ध न्यूझीलंड. इटलीच्या निकोला पिएत्रांजेली याच्या ४२ दुहेरी विजयांशी पेसने बरोबरी साधली होती. ४३ वा विजय म्हणजे विश्वविक्रम. विष्णू वर्धनसह पहिला सेट जिंकूनही तो सामना हातचा गेला. विक्रम पुढच्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, चीनमधल्या तिआनजिन येथे झाला. जोडीदार होता रोहन बोपण्णा, म्हणजे लंडनच्या वेळी ज्याने नकार दिला होता तोच. १९९७ साली पेस-भूपतींचे पहिले विजेतेपद पाहणारी चेन्नईची स्पर्धाही २०१८ पासून बालेवाडीलाच भरू लागली.

२३/
आता आपल्या राज्यातल्या दोन नावांकडे. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासह महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावल्यावर ६-३, १०-४. ‘सानियाला पदक’, ‘बोपण्णाला सुवर्ण’ अशा आठवणी सहज टिकतात, कारण ती नावे आधीच मोठी होती. १९९४ साली नाटेकरांच्या वाट्याला जे विस्मरण आले, तेच २०२३ च्या सुवर्णाच्या वाट्याला येऊ द्यायचे की नाही, हे आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांवर अवलंबून आहे. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. पदकाची ओळ लिहिताना दोन्ही नावे लिहायची.

२४/
यात पेसचे मोठेपण कमी होत नाही. २०१३ साली स्टेपानेकसह अमेरिकन ओपन जिंकताना तो ४० वर्षांचा होता; खुल्या युगात पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारा तोवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू. ३४ वी आणि शेवटची ओळ २०१६ च्या पॅरिसची: पेस-हिंगिस विजयी, समोर सानिया मिर्झा आणि इव्हान डोडिग. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत १७ वर्षांहून अधिक अंतर. २०२४ च्या जुलैत विजय अमृतराज यांच्यासह तो आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. हा मान मिळवणारे हे दोघे आशियातले पहिले पुरुष खेळाडू. सन्मान व्यक्तीला मिळतो, आणि त्याला तो योग्यच मिळाला.

२५/
तरीही इतिहास लिहिताना वाक्य थोडे बदलावे, एवढीच विनंती. ‘पेसने १८ विजेतेपदे जिंकली’ याऐवजी ‘पेसने आठ जोडीदारांसह १८ विजेतेपदे जिंकली’ असे लिहा. भूपती, डॅम, ड्लौही, स्टेपानेक, रेमंड, नवरातिलोवा, ब्लॅक, हिंगिस: हे ते आठ जण. रिकल, शॉनेसी आणि वेस्निना यांच्या वाट्याला पेसच्या साथीने केवळ पराभव आले. त्यांची नावे फलकावर नाहीत, दफ्तरात आहेत. युद्धे, तह, चळवळी, सहकारी संस्था, कुठलाही विषय घ्या. जिथे काम दोघांनी किंवा दहांनी केले आणि स्मृतीत एकच नाव उरले, तिथे मूळ यादी शोधून काढणे हे आपले काम आहे.

२६/
धागा इथे संपतो. आपल्या तालुक्यातल्या, शाळेतल्या, क्लबातल्या एखाद्या जोडीने बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम अशा कोणत्याही खेळात दुहेरीचे जिल्हा वा राज्य अजिंक्यपद मिळवले असेल, तर जुन्या प्रमाणपत्रांतून, कात्रणांतून दोन्ही नावे, वर्ष आणि ठिकाण शोधून उतरवून ठेवा. हरलेल्या अंतिम सामन्याचे असले तरी चालेल. कागद जपला गेला तर पुढच्या अभ्यासकाला बखरीवर विसंबावे लागणार नाही.